सळईला तीट

उत्तम राठोड वर्कशॉपमध्ये आला की आधी पंखे बंद करायचा. हिंगोलीच्या मे महिन्यात पंखा बंद करणाऱ्या माणसाला लोक काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण राठोडला कुणी काही म्हणत नसे. "फॅन बंद, खिडक्या बंद. बाळंतीण हाय घरात," एवढं म्हणून तो लेथकडे वळायचा आणि पोरं घामानं निथळत, हसत, त्याच्याभोवती कोंडाळं करून उभी राहायची. माझ्या तासाला वीज गेली तर निम्मा वर्ग पाणी प्यायला जातो आणि पाणी कुठल्या गावी आहे कोण जाणे, परत येत नाही.

बाळंतीण म्हणजे पोलादाची सळई. अंगठ्याएवढ्या जाडीच्या दोन सळया घ्यायच्या. एक लेथमध्ये धरून गरगर फिरवायची आणि न फिरणारी दुसरी तिच्या तोंडाला तोंड लावून दाबत राहायचं. घासून घासून दोघींची तोंडं लाल होतात, मग नारिंगी. वितळत नाहीत. नुसती मळलेल्या कणकेसारखी मऊ होतात. नेमकी ती वेळ साधून फिरणारी झटक्यात थांबवायची आणि दाब वाढवायचा. मऊ झालेलं पोलाद आतली घाण घेऊन कडेनं बाहेर येतं, त्याचं बांगडीसारखं कडं तयार होतं, आणि आत दोन सळयांची एक सळई झालेली असते. पुस्तकात याला घर्षण जोडणी म्हणतात. राठोड 'घासाघाशी' म्हणायचा.

जोडलेला सांधा एकदम गार झाला तर काचेसारखा कडक होतो आणि काचेसारखाच तुटतो. म्हणून पंखे बंद. "आत्ता सुटका झाली तिची," राठोड पोरांना सांगायचा. "वारं लागलं तर जन्माची कडक होऊन बसंल. राखंत निजवा." आणि लालबुंद सांधा तो राखेच्या पेटीत अलगद पुरायचा.

हाच मुद्दा मी वर्षानुवर्षं शिकवत आलो आहे. रंगीत खडूंनी लोह-कार्बनची आकृती काढतो, कोणत्या तापमानाला पोलादाच्या आत काय बदल होतो ते फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहितो. परीक्षेत पोरांनी लिहिलं, 'सांधा बाळंतीण असल्यामुळे त्यास वारे लागू देऊ नये.' एकानं नाही, वर्गानं. मी लाल पेन हातात घेऊन बराच वेळ बसलो. उत्तर बरोबर होतं. गुण द्यावे लागले.

आम्ही दोघं हिंगोलीतल्या एकाच तंत्रनिकेतनात. मी धातुशास्त्र शिकवतो. औंढ्याच्या देवळात पूजा सांगणाऱ्या घरातला मी. वडिलांची इच्छा होती की मी पिंडीजवळ बसावं, मी भट्टीजवळ बसलो. वाचन बरं आहे. डॉक्टरेटसाठी मीही एकदा नाव नोंदवलं होतं. ते वाचनाच्याच नादात मागे पडलं. राठोड माझ्यानंतर काही वर्षांनी आला. कनेरगाव नाक्याच्या पलीकडचा तांडा त्याचं गाव. त्याच्या आजोबांच्या आधीची माणसं बैलांवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरायची. "आमच्या खानदानीत कुणी एका जागी थांबलंच न्हाई सर," तो म्हणायचा, "म्हणून मला फिरणारं काहीबी दिसलं की ब्रेक लावावा वाटतो."

आणि ब्रेकच त्यानं लावला. वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक जुना लेथ भंगारात जायची वाट बघत पडला होता. राठोडनं त्याला अपघातात गेलेल्या एका टेंपोचा ब्रेक बसवला, मागून दाबायला तेलाचा जॅक जोडला आणि आपल्या डॉक्टरेटच्या कामासाठी घर्षण जोडणीचं यंत्र उभं केलं. विनय हा गुण त्याच्याजवळ औषधालाही नव्हता. पहिला सांधा जमला त्या दिवशी स्टाफरूममध्ये येऊन म्हणाला, "जोशी सर, असा सांधा हिंगोली जिल्ह्यात कुणी मारला न्हाई." मी म्हणालो, "प्रयत्न तरी कुणी केलाय?" तो म्हणाला, "तेच तर सांगून राहिलो." अशा माणसाचं काय करायचं? टोमणा मारावा तर तो त्याचं तोरण करून दाराला बांधायचा.

आता तिटेचं सांगतो. त्या यंत्रावरची पहिली मोठी चाचणी बघायला मी गेलो. माझा पाय उंबऱ्यात पडतो न पडतो तोच राठोडनं खिशातून काजळाची डबी काढली, करंगळी बुडवली आणि सांध्याच्या बोटभर अलीकडे सळईला काळा ठिपका लावला.

"राठोड, हे काय?"

"तीट, सर. आमच्या याडीनं एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ हाय. नजर लागू नये म्हणून."

याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. पोरं खो खो हसली. मला मात्र फार बरं वाटलं. इतकी वर्षं शोधत होतो ते सापडलं होतं: यंत्रशास्त्राचा अधिव्याख्याता आणि पोलादाला तीट! स्टाफरूममध्ये जाऊन मी एक वाक्य मनाशी घोळवायला घेतलं, ज्यात 'प्रबोधन' हा शब्द यायचा होता. पहिला चहा त्या वाक्याच्या आनंदात गेला. दुसऱ्या चहाच्या मध्यावर माझ्या लक्षात आलं की राठोडजवळची तापमान मोजायची बंदूक लांबून, उष्णतेच्या किरणांवरून वाचते. कातलेली सळई आरशासारखी चकचकीत असते, ती किरणं नीट सोडत नाही आणि बंदूक खऱ्यापेक्षा फार कमी आकडा दाखवते. काजळाच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरला की खरा आकडा मिळतो. हे मीच शिकवतो. चहा गार झाला. त्याला हे माहीत होतं म्हणून नव्हे, मला माहीत असूनही त्यानं मला मनातल्या मनात हसायला लावलं म्हणून.

मत्सर ही गोष्ट मोठी सोशिक असते. तिला अपमान पुरत नाही, सन्मान चालत नाही. राठोड मला सन्मान फार द्यायचा. अडलं की माझ्याकडे यायचा, "सर, कार्बन वाढला तर सांध्याचा कडकपणा किती वाढंल?" असं विचारायचा आणि मी सांगितलेलं डोकं हलवत ऐकायचा. मग दुसऱ्या दिवशी तेच पोरांना पाच शब्दांत सांगायचा आणि पोरं म्हणायची, राठोड सर काय समजावतात! कँटीनवाला मला चहा द्यायचा आणि त्याला साय घालून द्यायचा. आमच्या घरी तो जेवायला आला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी सण नसताना पुरण घातलं. "भावजी, अजून एक घ्या," असं ती म्हणाली, तेव्हा मी ताटातली माझी पोळी मोजून घेतली, एकच होती. त्याचं अक्षर वाईट होतं, एवढा एक दिलासा. आणि घेतलेलं पेन तो परत करत नसे. माझी बरीच पेनं त्याच्या संशोधनात खर्ची पडली आहेत.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. जोडलेली सळई खेचायच्या यंत्रात लावली की तो म्हणायचा, "किती ताकद घेतली ते मागून बघू. आधी कुठं तुटती ते बघा. बाजूला तुटली तर आपुन जितलो. सांध्यात तुटली तर भंगार." म्हणजे जोड मूळ धातूपेक्षा मजबूत झाला तर सळई सांधा सोडून दुसरीकडे तुटते. त्याच्या सळया नेहमी बाजूलाच तुटायच्या. मी दर वेळी जायचो. एकदा तरी सांध्यात तुटेल म्हणून. मी उंबऱ्यात दिसलो की डबी निघायची, तीट लागायची, सळई बाजूला तुटायची. मी "छान" म्हणायचो आणि परत यायचो.

मग संस्थेच्या डोक्यात आलं की वर्कशॉपचं शेड पाडून तिथे वातानुकूलित संगणक दालन करावं. राठोडचं यंत्र भंगारात जाणार होतं, आणि त्याच्यावर उभं असलेलं त्याचं डॉक्टरेटचं काम अर्ध्यात बुडणार होतं. राठोड प्राचार्यांपुढे जाऊन बसला. शेवटी असं ठरलं की संस्थेचे अध्यक्ष स्वतः येऊन बघतील. त्यांच्यासमोर सळई जोडायची, त्यांच्यासमोर तोडायची. बाजूला तुटली तर यंत्र राहील. सांध्यात तुटली तर दालन.

सांध्यात तुटावी असं मला मनापासून वाटत होतं. माझा त्यात काडीचा फायदा नव्हता. संगणकांचं आणि माझं सूतही नाही. पण मत्सराला फायदा लागत नाही; निष्काम कर्म म्हणतात ते बहुधा हेच.

त्या दिवशी वर्कशॉपला आंब्याच्या पानांचं तोरण होतं. दारात फलक होता, त्यावर अध्यक्षांचा फोटो दरवाजाएवढा आणि यंत्राचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. सत्कार झाले. ज्यांनी काही केलं नव्हतं त्या सगळ्यांना शाली मिळाल्या. राठोड अंगठ्यानं लेथ पुसत उभा होता. पंखे बंद होते. अध्यक्ष घामेजले, तेव्हा प्राचार्यांनी स्वतः पुठ्ठ्यानं वारा घालायला घेतला. राठोडनं हात जोडून त्यांना लेथपासून लांब उभं केलं.

सळई फिरली. लाल झाली, नारिंगी झाली. ब्रेक लागला, जॅक दाबला गेला, कडं बाहेर आलं. सुंदर आलं, हे मला कबूल करावं लागतं. राठोड सळई सोडवून राखेच्या पेटीकडे वळणार तेवढ्यात प्राचार्य म्हणाले, "थांबा, राठोड! हलवू नका. आधी श्रीफळ. जोशी सर, तुमच्या घराण्यातलं आहे, दोन मंत्र म्हणा."

मराठवाड्यात यंत्र चालू करायचं तर नारळ फुटतोच. पण तो आधी फुटतो. इथे सत्कारांच्या गडबडीत राहून गेला होता. मी मंत्र म्हणायला लागलो. ही सवय मला बापजाद्यांकडून मिळाली आहे, तोंड सुरू होतं आणि डोकं मोकळं राहतं. अध्यक्षांनी लेथच्या कोपऱ्यावर नारळ फोडला, दोन थेंब इकडे शिंपडले, दोन तिकडे, आणि उरलेलं सगळं पाणी अत्यंत भक्तिभावानं त्या लालबुंद सांध्यावर ओतलं, कारण त्या सबंध शेडमध्ये सगळ्यात तेजस्वी तेच दिसत होतं.

चर्रर्र झालं. वाफेचा लोट उठला. टाळ्या पडल्या. "देवानं स्वीकारलं!" कुणीतरी म्हणालं.

मंत्र माझ्या तोंडातच राहिला. मी राठोडकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. त्या शेडमध्ये नेमकं काय झालं ते आम्हा दोघांनाच कळलं होतं. ज्या सांध्याला पंख्याचं वारं लागू द्यायचं नाही त्याला गार पाण्याची आंघोळ घडली होती. राठोडचा चेहरा दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या बापासारखा झाला.

"साहेब," तो म्हणाला, "दुसरी जोडून दावतो. पाच मिनटांत."

"कशाला?" अध्यक्ष म्हणाले. "हिच्यावर नारळ पडलाय. हीच तोडा." आणि खडू मागून त्यांनी सळईच्या एका टोकाला 'श्री' काढला, म्हणजे बदलायची सोयही राहिली नाही.

मला आता काहीच करायचं नव्हतं. काही न करण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. सळई यंत्रात लागली असती, ठक्‌ आवाज झाला असता, सांध्यात तुटली असती. इतकी वर्षं ज्याच्यासाठी त्या उंबऱ्यात फेऱ्या मारल्या ते समोर ताटात वाढून आलं होतं.

मी त्या दिवशी जे केलं तो चांगुलपणा होता असं कुणी समजू नये. आमच्या घरात तसा समज आहे. मला राठोडची हार हवी होती, पण ती पोलादाकडून. नारळाकडून नव्हे. आज सांधा तुटला असता तर हिंगोलीपासून नरसीपर्यंत लोक म्हणाले असते, राठोड सर कुठले हरतात, नारळानं घात केला त्यांचा! म्हणजे हरूनही मोठा तोच. हे मला परवडणारं नव्हतं.

"साहेब," मी पुढे होऊन म्हणालो, "तोडण्याआधी सळईला थोडा वेळ भट्टीत ठेवावं लागतं. शास्त्र आहे."

"शास्त्र" म्हटल्यावर अध्यक्षांनी हात जोडले. कुठलं शास्त्र ते त्यांनी विचारलं नाही.

"तोवर?" प्राचार्यांनी विचारलं.

"तोवर मी थोडी सैद्धांतिक पार्श्वभूमी सांगतो."

प्राचार्यांचा चेहरा उतरला. मागच्या रांगेतली पोरं दहाव्याला बसतात तशी खाली बसली.

दुपारच्या प्रात्यक्षिकासाठी मी सकाळीच माझ्या प्रयोगशाळेतली भट्टी लावून ठेवली होती. कडक झालेलं पोलाद पुन्हा बेतानं तापवलं की त्याचा ठिसूळपणा उतरतो, तेच त्या दिवशीचं प्रात्यक्षिक होतं, आणि भट्टी बरोबर तेवढीच तापलेली होती. किल्ली माझ्या खिशात होती. ती राठोडच्या हातावर ठेवताना मी हळूच म्हणालो, "शेक द्या तिला." त्याची भाषा मी पहिल्यांदाच वापरली. त्यानं आधी सळई पान्यानं वाजवून कानाशी धरली. खणखणीत वाजली. तडा गेलेला नव्हता. "व्हय सर," म्हणून तो जवळजवळ पळालाच.

मी बोलायला उभा राहिलो. खनिजापासून सुरुवात केली. भात्यावरून झोतभट्टीवर आलो. आकृती काढली, तिच्यातली प्रत्येक रेघ समजावली, समजावलेली पुन्हा समजावली. अध्यक्षांची मान छातीवर आली. दारातून राठोडनं तळहात दाखवला: अजून थोडं. मी पोलादाच्या इतिहासात आणखी मागे गेलो. माझ्या आयुष्यात माझं व्याख्यान लांबावं अशी इच्छा धरून ऐकणारा तो एकच श्रोता.

अखेर सळई आली. श्री जरा धुरकटला होता. ती खेचायच्या यंत्रात लागली, काटा चढायला लागला. जागे होते ते सगळे यंत्राचा काटा बघत होते. मी सांधा बघत होतो. कडं तसंच होतं. आणि त्याच्यापासून हातभर नव्हे, पण चांगलं चार बोटं खाली सळई बारीक होऊ लागली.

"कंबर धरली!" राठोड ओरडला. "बाजूला धरली, सर!"

धाडकन आवाज झाला. अध्यक्ष जागे झाले. सळई बाजूला तुटली होती.

"नारळाचा गुण," अध्यक्ष म्हणाले, आणि यंत्र वाचलं. पोरांनी राठोडला खांद्यावर घेतलं. त्या उंचीवरून तो मला म्हणाला, "सर! इतकं लांबड लावणारा माणूस तुमच्याबिगर जिल्ह्यात न्हाई! आज बाळंतीण गेली असती!" सगळे हसले. मीही हसलो. पुढे त्याच्या प्रबंधात एक प्रकरणच आलं: सांधा अचानक गार झाला आणि मग पुन्हा तापवला तर काय होतं. म्हणजे त्या नारळातलं खोबरंही त्यालाच मिळालं. तज्ज्ञांनी त्या प्रकरणाची विशेष तारीफ केली असं ऐकतो.

डॉक्टर झाल्यावर त्याला पुण्याच्या एका कारखान्यानं संशोधन विभागात बोलावलं. निरोपसमारंभात पोरं रडली. कँटीनवाला रडला. मी त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोललो. खरे होते, म्हणून बोलायला तकलीफ झाली.

समारंभानंतर तो यंत्र माझ्या ताब्यात द्यायला वर्कशॉपमध्ये आला. बरेच दिवस मनात होतं ते मी विचारलं.

"राठोड, तुम्ही सळईला भोक पाडून आत तापमान मोजायची तार बसवली, त्याला कितीतरी दिवस झाले. बंदूक तेव्हाच कपाटात गेली. मग तुम्ही काजळ काहून लावत होतात?"

तो खाली बघून हसला.

"मागून बंदुकीसाठी न्हवतंच ते, सर. तार बसवल्यावर मी एकटा असलो की लावत न्हवतो. पण तुमी दारात आले की हात आपोआप डबीकडं जायचा." मग मान वर करून म्हणाला, "तुमच्यावानी बारीक बघणारी नजर कुणाची न्हाई सर. बाकीचे टाळ्या वाजवायला यायचे. तुमी कुठं तुटतंय ते बघायला यायचे. तुमी यायचे म्हणून मी सांधा बराबर मारायचो."

माझ्या मत्सराचंही श्रेय तोच घेऊन चालला होता.

डबी तो माझ्या टेबलावर ठेवून गेला. पेनं मात्र घेऊन गेला.

परवा त्याचा फोन आला. "सर, हितं सगळं ऑटोमॅटिक हाय. बटन दाबलं की सांधा. एसी हाय, म्हणून सांध्यापुरती वेगळी उबदार पेटी हाय. लई भारी. फकस्त दारात कुणी येऊन उभं राहत न्हाई." मग विचारलं, "तुमचा सांधा कुठं तुटला?"

"बाजूला," मी म्हणालो. खरं तर तीनांतला एकच.

"बराबर. आन तीट?"

"लावतो की."

हे खोटं होतं. यंत्र मी चालवतो, पंखे बंद करतो, राख चाळून ठेवतो. पोरं येतात, टिपून घेतात, घाम पुसत निघून जातात. प्राचार्य कधी डोकावले तर "छान" म्हणतात, आणि ते खरंच तसं म्हणतात. याडीच्या काजळाची डबी लेथच्या कडेला उघडी ठेवलेली असते. सळई लाल व्हायला लागली की मी एकदा उंबऱ्याकडे बघतो. करंगळी बुडवावी असं बघणारं अजून कुणी तिथे उभं राहिलेलं नाही.